डहाणूच्या खाडीतला काळा चिखल

ओहोटीला डहाणूच्या खाडीत उतरलं, की वरची तपकिरी साय फुटते आणि घोट्याखाली शाईसारखा काळा चिखल लागतो. पाठोपाठ कुजक्या अंड्यांचा वास येतो. खाडीकाठच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. नवखा मात्र नाक धरून ‘काय घाण साचलीय’ म्हणतो. सांडपाणी मिसळलं की हा वास वाढतो, हे खरं. पण तिवरांच्या खाजणात माणूस कधी फिरकलाच नसता, तरी चिखल काळाच झाला असता.

बारीक गाळात हवा फार सावकाश उतरते. जी उतरते ती वरच्या काही मिलिमीटरमधले जिवाणूच संपवून टाकतात. त्याखाली पानं, शेवाळ, मेलेले मासे असं खाणं मुबलक, पण ऑक्सिजन नाही. आता ऑक्सिजन लागतो तरी कशाला? अन्नातून ऊर्जा काढताना इलेक्ट्रॉन सुटतात, ते कुणीतरी घ्यावे लागतात. आपल्याकडे ते काम ऑक्सिजन करतो आणि त्याचं पाणी होतं. खालच्या चिखलातल्या जिवाणूंचा एक गट हेच इलेक्ट्रॉन समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटला देतो आणि सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच, म्हणजे एका अर्थी त्या जिवाणूंचा उच्छ्वास.

ऑक्सिजनच्या मानाने या व्यवहारात ऊर्जा फार कमी सुटते. मग तो परवडतो कसा? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सल्फेट असतं सुमारे 2.7 ग्रॅम. आपल्या उबदार किनाऱ्यावर तेवढ्याच पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम सहा-साडेसहा मिलिग्रॅम. वजनात हा फरक चारशे पटींचा आहे, आणि दर भरतीला नवा साठा येतो. मात्र या मंडळींना अख्खं पान पचत नाही. आधी आंबवणारे जिवाणू त्याची साधी आम्लं करून देतात, मग यांचं जेवण सुरू होतं.

सुटलेल्या वायूला वाटेत लोखंड भेटतं. बेसाल्टच्या गाळात त्याला तोटा नाही. दोघांचं मिळून काळं आयर्न सल्फाइड तयार होतं आणि चिखलाला रंग चढतो. या चिखलाचा गोळा उचलून बांधावर ठेवा. हवा लागली की बाहेरून तो तपकिरी पडू लागतो. खेकड्याचं बीळ आडवं कापलं तर काळ्या चिखलात त्याच्या भिंतीभोवती अशीच तपकिरी किनार दिसते. पाण्याबरोबर आत गेलेल्या ऑक्सिजनची ती खूण. तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळंही मुळांभोवती असाच ऑक्सिजन पोचवतात.

लोखंडाच्या तावडीतून सुटलेला वायू वर चढतो, आणि इथे खऱ्या अर्थाने गंधक-जिवाणूंची पाळी येते. खालून सल्फाइड, वरून ऑक्सिजन, आणि दोन्ही जिथे जेमतेम पुरतील अशा केसाएवढ्या जागेत बेगियाटोआ नावाचे धाग्यासारखे जिवाणू राहतात. ते सल्फाइडचं गंधक करून पोटात कणाकणाने साठवतात, म्हणून त्यांचा थर पांढरा दिसतो. ऑक्सिजन वाढला की खाली सरकतात, घटला की वर. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1887 साली यांच्याच अभ्यासातून दाखवलं, की सूर्यप्रकाश किंवा तयार अन्नाऐवजी निव्वळ खनिज रसायनातून ऊर्जा मिळवूनही जीव जगतो.

दुसरी तऱ्हा उजेडावर जगणाऱ्यांची. जांभळे आणि हिरवे गंधक-जिवाणू प्रकाशसंश्लेषण करतात. फरक इतकाच, की झाडं पाणी फोडतात आणि हे सल्फाइड फोडतात, त्यामुळे ऑक्सिजन सुटतच नाही. यांना बिनहवेची पण उजेडाची जागा हवी, आणि ती खोल, न ढवळणाऱ्या तळ्यात छान मिळते. खालचं पाणी खारट आणि जड, वरचं गोडं आणि हलकं असलं की दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाशी हवा पोचत नाही. स्वित्झर्लंडमधल्या 21 मीटर खोल कादान्यो सरोवरात साधारण बारा मीटरवर अशा जांभळ्या जिवाणूंचा पट्टा पाण्यात तरंगत असतो. आपलं लोणार 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं, ते मात्र यांच्यामुळे नव्हे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यामागे खारट पाण्यात वाढणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. रंग सारखा दिसला म्हणून कर्ता एकच असं नसतं.

खाडी सोडून तलासरीकडच्या गोड्या तळ्यात गेलात तर नाकाला फरक कळेल. तळाच्या गाळात काठी खुपसली की बुडबुडे येतात, पण अंड्यांचा वास बेताचाच. गोड्या पाण्यात सल्फेट थोडं, ते लवकर संपतं, आणि उरलेलं अन्न मिथेन करणाऱ्यांच्या वाट्याला जातं. मिथेनला वासच नसतो.

हे सगळे थर घरी बघता येतात. प्लास्टिकच्या उभट बाटलीत खाडीचा काळा चिखल भरा. त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि चमचाभर प्लास्टर ऑफ पॅरिस कालवा; कागद म्हणजे अन्न, प्लास्टर म्हणजे सल्फेट. वर बोटभर खाडीचंच पाणी ठेवून झाकण सैल लावा आणि बाटली उजेडाच्या खिडकीत, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. आधी काळं वाढेल. दीड-दोन महिन्यांत बाटलीच्या पारदर्शक कडेला हिरवे आणि त्यांच्यावर जांभळट डाग उमटू लागतील. हिरव्यांना कमी उजेडही पुरतो आणि जास्त सल्फाइड सोसतं, म्हणून ते खाली. बाटली हलवू नका आणि झाकण काढायचंच तर अंगणात काढा. आत साचलेला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर नाकाला लगेच कळतो. फार झाला तर नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. बंद मैलाटाकीत उतरणाऱ्यांचा जीव जातो त्यामागे बरेचदा हाच वायू असतो.