‘प’ म्हटलं की माईक का दणकतो?

केंद्रावर बोलायला येणाऱ्या बायकांना आम्ही पहिल्यांदा माईक दाखवतो, तेव्हा बहुतेकजणी त्याच्या अगदी तोंडाला तोंड लावून बोलतात. लांबून ऐकू जाणार नाही, अशी धास्ती असते. मग ‘पाणी’, ‘भाकरी’, ‘पोषण’ म्हटलं की हेडफोनमध्ये धप्पकन आवाज येतो. अंगणवाडीच्या ताई ‘पंधरा तारखेला बाळाला घेऊन या’ म्हणाल्या आणि नेमका ‘पं’ त्या दणक्यात बुडाला, तर घरी ऐकणारीनं काय समजायचं? रेडिओला ‘पुन्हा सांगा’ म्हणता येत नाही.

हे होतं कसं, ते तुमच्या तळहातावरच कळेल. हात तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि ‘माती’ म्हणा. काही लागलं नाही ना? आता ‘पाणी’ म्हणा, मग ‘भाकरी’. हाताला वाऱ्याचा फटकारा बसेल. ओठ तर ‘म’ म्हणतानाही मिटतात, पण तेव्हा हवा नाकातून जाते. ‘प’, ‘ब’, ‘भ’ म्हणताना ती मिटल्या ओठांमागे कोंडते आणि ओठ उघडताच सुटते. ‘फ’ कुणी ओठ मिटून म्हणतं, कुणी दात ओठाला लावून. वारा दोन्हींत असतोच. ‘ख’, ‘ठ’, ‘थ’ यांनाही थोडा असतो.

माईकच्या आत एक नाजूक पडदा असतो. आवाजानं तो जेमतेम थरथरतो, पण वाऱ्याचा झोत आदळला की जोरात ढकलला जातो. तोच हा दणका.

यावर ‘जरा हळू बोला, भ सौम्य म्हणा’ असा सल्ला देणारे भेटतात. आम्हाला तो मुळीच पटत नाही. ‘भ’मधला जोर काढला तर ‘भाऊ’चा ‘बाऊ’ होईल आणि ‘फार’चा ‘पार’! आपली बोली आहे तशीच राहू दे, माईक हलवायचा.

कारण आवाज चहूकडे पसरतो, वारा मात्र नाकासमोर सरळ जातो. मेणबत्ती तोंडासमोर धरून ‘प’ म्हणा, ज्योत लवेल. तीच गालाच्या रेषेत बाजूला न्या, ज्योत जवळजवळ हलणार नाही, आवाज मात्र तिथेही पोचतो. म्हणून माईक ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, सुमारे वीतभर अंतरावर, थोडा तिरका ठेवायचा. त्याचं तोंड आपल्या तोंडाकडे असावं, पण आपला श्वास त्याच्या शेजारून निघून जावा. मोबाईलवर रेकॉर्ड करताना तो बिस्किटासारखा ओठांपुढे धरू नका, गालाच्या बाजूला धरा. बहुतेक फोनचा माईक खालच्या कडेला असतो, तिथे बोट येऊ देऊ नका.

दुकानात यासाठी जाळी मिळते, पण घरीही होते. भरतकामाची रिंग घ्या, तीत पातळ नायलॉनचा पायमोजा ताणून बसवा आणि माईकपुढे तीन-चार बोटांवर उभी करा. झोत जाळीत विखुरतो, आवाज आरपार जातो. पदर किंवा घडी घातलेला रुमाल मात्र माईकवर गुंडाळू नका. ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, बाई गोधडीतून बोलल्यासारखी वाटते. माईकवरची फोमची टोपी शेतात, अंगणात वाऱ्याला उपयोगी, पण अगदी जवळून म्हटलेल्या ‘प’पुढे ती अपुरी पडते.

एवढं करूनही एखादा दणका राहिला तर संगणकावर साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापतात. बायकांचा बोलण्याचा स्वर सहसा १६५ ते २५५ हर्ट्झच्या आसपास असल्यानं त्याला धक्का लागत नाही. पण पडदा फारच जोरात ढकलला गेला असेल तर ते अक्षर फाटतं, आणि फाटलेलं संगणकावर धड शिवता येत नाही. म्हणून ताई खुर्चीवरून उठण्याआधी हेडफोन लावून सगळं ऐकायचं आणि तारखेचं, औषधाच्या मात्रेचं वाक्य दणकलं असेल तर तेवढंच पुन्हा म्हणून घ्यायचं.