मंद दिवे आणि चपळ खेळाडू

भर दुपारी मैदानावर काढलेला कबड्डीचा फोटो कसा लख्ख येतो! तोच कॅमेरा बॅडमिंटनच्या सभागृहात नेला, की खेळाडूच्या हाताच्या जागी नुसता धुरकट पट्टा उमटतो. कॅमेरा बिघडला का? मुळीच नाही. त्याला प्रकाश कमी पडतो. किती कमी, ते आकड्यांतच पाहू या.

भर उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. दिव्यांच्या सभागृहात तो ५०० लक्सच्या आसपास असतो, म्हणजे दोनशेवा हिस्सा! आपला डोळा परिस्थितीशी जुळवून घेतो, म्हणून आपल्याला एवढी तफावत जाणवत नाही.

आता वेग पाहा. खेळाडू सेकंदाला ५ मीटर वेगाने धावतो आहे असे समजा. कॅमेऱ्याची झडप १/६० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्या वेळात तो ८ सेंटिमीटर सरकतो. चेहरा पुसट होणारच! १/५०० सेकंदात मात्र तो १ सेंटिमीटरच सरकतो. फुलाची गोष्ट तर निराळीच. २०२३ साली जपानमधील चाचणीत सात्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर भरला. या वेगाने फूल १/५०० सेकंदात ३१ सेंटिमीटर जाईल! तेव्हा फुलाची रेघ उमटली तरी चालेल, पण खेळाडू स्पष्ट हवा. त्यासाठी १/५०० सेकंद ठरवू.

छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. भर उन्हात संवेदनशीलता आयएसओ १००, भिंगाचे छिद्र एफ/१६ आणि वेळ १/१०० सेकंद ठेवावा. सभागृहात प्रकाश दोनशेपट कमी, म्हणून वेळ दोनशेपट, म्हणजे २ सेकंद लागेल. आपल्याला तर १/५०० सेकंदच द्यायचा आहे. म्हणजे हजारपट तूट! ती कशी भरून काढायची?

पहिला उपाय म्हणजे छिद्र मोठे करणे. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले, की एफचा आकडा मिळतो. म्हणून आकडा लहान, तर छिद्र मोठे. एफ/२.८ केल्यास व्यास ५.७ पट होतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने प्रकाश सुमारे ३२ पट येतो. मात्र मोठ्या छिद्रामुळे थोड्याच अंतराच्या पट्ट्यातील वस्तू रेखीव दिसतात. म्हणून नेम अचूक हवा.

उरली सुमारे ३२ पट तूट. त्यासाठी संवेदनशीलता आयएसओ ३२०० करावी लागते. पण यात एक मेख आहे. त्यामुळे प्रकाश वाढत नाही, मिळालेला तुटपुंजा संकेत फक्त मोठा केला जातो. प्रकाश फोटॉन नावाच्या कणांनी येतो. पावसाचे पहिले थेंब फरशीवर सारखे पडतात का? कुठे चार, कुठे सात! फोटॉनांचेही तसेच. एका ठिपक्यावर सरासरी १०,००० फोटॉन पडले, तर चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० असतो. तो झाला १ टक्का. ३२ पट कमी, म्हणजे सुमारे ३१२ फोटॉन पडले, तर चढउतार १८, म्हणजे जवळजवळ ६ टक्के! चित्रात दिसणारी रवाळ खर मुख्यतः हीच. कॅमेरा कितीही महाग घेतला, तरी प्रकाशाचा हा स्वभाव बदलत नाही.

मग फ्लॅश का वापरू नये? खेळाडूचे डोळे दिपतात, म्हणून स्पर्धेत त्याला सहसा परवानगी नसते.

पण विज्ञान जाणणाऱ्याजवळ आणखी एक युक्ती असते. उडी मारलेला खेळाडू सर्वोच्च बिंदूवर पोहोचतो, तेव्हा त्याचा ऊर्ध्व वेग क्षणभर शून्य होतो. त्याच्या १/१० सेकंद अलीकडे वा पलीकडेही तो सेकंदाला केवळ १ मीटर असतो. नेमका तो क्षण टिपा. तसेच खेळाडू आडवा पळत असताना टिपण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या दिशेने येत असताना टिपला, तर चित्र कमी पुसट होते.

हे घरीच करून पाहा. रात्री दिव्याच्या उजेडात मित्राला चेंडू वर उडवायला सांगा आणि मोबाइलने दोन फोटो काढा. एक चेंडू वेगाने खाली येताना, दुसरा अगदी टोकाला असताना. दिवा तोच, कॅमेरा तोच. तरी एका फोटोत चेंडू लांबट आणि दुसऱ्यात गोल का, हे आता तुम्हीच मित्राला समजावून सांगाल!