हिमपथावरील रात्रीची शर्यत

युरोपच्या उत्तर भागात नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड हे तीन देश एकमेकांस लागून वसलेले आहेत. तेथे हिवाळा फार लांबतो आणि त्या दिवसांत सूर्याचे दर्शन दुर्लभ होते. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. त्याच देशाच्या अगदी उत्तरेकडील ट्रोम्सो या नगरात तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे, सूर्य उगवतच नाही. अशा प्रदेशात हिवाळ्यात मैदानी खेळ खेळायचे, तर अंधाराशी मैत्री केल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच या देशांतील अनेक गावांजवळ, अरण्यातून जाणाऱ्या बर्फाच्या वाटांवर विजेच्या दिव्यांच्या रांगा उभारलेल्या आढळतात. सायंकाळी दिवे लागले, की लहानथोर सारे पायांना लांब पट्ट्या बांधून त्या वाटांवर उतरतात.

या पट्ट्यांना ‘स्की’ असे म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ फाडलेल्या लाकडाचा तुकडा असा आहे. भुसभुशीत बर्फावर नुसते पाऊल टाकले, तर ते गुडघ्यापर्यंत रुतते. परंतु स्की लांब असल्यामुळे शरीराचा भार पुष्कळ जागेवर विभागला जातो आणि मनुष्य बर्फाच्या वरच राहतो. ही युक्ती माणसाला फार पूर्वी सुचली. 1924 साली स्वीडनमध्ये काल्व्ह्त्रेस्क या गावाजवळ दलदलीत सापडलेली एक लाकडी स्की पाच हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. शिकार करावयाची असो, की शेजारच्या गावी निरोप न्यावयाचा असो, हिवाळ्यात स्कीवाचून पाऊल पुढे पडत नसे. आज जो खेळ आहे, तो एके काळी जगण्याचा आधार होता.

डोंगरउतारावरून घसरत येणे हा स्कीच्या खेळाचा एक प्रकार झाला. येथे ज्या शर्यतीचा विचार करावयाचा आहे, तिच्यात चढ, उतार आणि सपाटी असा सर्व प्रकारचा प्रदेश स्वतःच्या बळावर ओलांडावा लागतो. पायाचा चवडा स्कीला जखडलेला असतो, टाच मात्र मोकळी असते. दोन्ही हातांत दोन काठ्या असतात. त्या बर्फात रोवून खेळाडू स्वतःला पुढे लोटतो. पण जी वस्तू पुढे घसरते, ती चढावर मागे का घसरत नाही? याचे रहस्य मेणात आहे. स्की मधोमध किंचित कमानीसारखी उचललेली असते. तिच्या दोन्ही टोकांखाली गुळगुळीत मेण लावतात आणि मधल्या भागाखाली बर्फाला चिकटणारे मेण लावतात. खेळाडूने एका पायावर सारा भार टाकला, म्हणजे कमान दबते व मधले मेण बर्फाला घट्ट धरते. भार हलका झाला, की कमान वर उचलली जाते आणि स्की टोकांवरून घसरू लागते.

मात्र हे मेण बर्फाच्या प्रकृतीप्रमाणे बदलावे लागते. ताज्या हिमाचे कण टोकदार असतात, जुन्या हिमाचे गोलसर. ओल्या हिमाला एक मेण चालते, कोरड्याला दुसरे. रात्रीच्या शर्यतीत तर ही परीक्षा अधिकच कठीण होते. सूर्य मावळल्यावर तापमान भराभर उतरते. दुपारी ओलसर असलेला बर्फ रात्री कठीण होतो आणि कडाक्याच्या थंडीत तर तो वाळूसारखा खरखरीत लागतो. सायंकाळी अचूक ठरलेले मेण मध्यरात्री फसवू शकते. म्हणून संघाचे मदतनीस वेळोवेळी बर्फाचे तापमान मोजतात आणि निरनिराळी मेणे लावून पाहतात. शर्यत सुरू होण्यापूर्वीच तिचा बराचसा भाग अशा रीतीने त्यांच्या हातून घडलेला असतो.

आता रिले शर्यत म्हणजे काय ते पाहू. रिले शर्यतीत संपूर्ण अंतर एकटा खेळाडू कापीत नाही. संघातील खेळाडू ते आपापसांत वाटून घेतात. मैदानावरील रिले शर्यतीत धावणारा आपल्या हातातील दांडकी पुढच्याच्या हाती देतो. स्कीवाल्याचे दोन्ही हात काठ्यांत गुंतलेले असल्यामुळे तेथे दांडकी देणे शक्य नसते. तेव्हा येणारा खेळाडू पुढच्या खेळाडूला केवळ स्पर्श करतो आणि स्पर्श होताच तो निघतो. खो-खो खेळणाऱ्या मुलांना ही रीत परकी वाटणार नाही. खो-खोमध्ये ‘खो’ मिळाल्याखेरीज उठता येत नाही. त्याचप्रमाणे येथे स्पर्श झाल्याखेरीज निघता येत नाही. हा स्पर्श सुमारे तीस मीटर लांबीच्या आखलेल्या पट्ट्यातच व्हावा लागतो. उतावळेपणाने आधी निघालेल्या खेळाडूला परत बोलावले जाते आणि मिळवलेली वेळ वाया जाते.

ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत पुरुषांची रिले शर्यत प्रथम 1936 साली जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे झाली. ती फिनलंडने जिंकली. स्त्रियांची रिले शर्यत 1956 साली सुरू झाली आणि तीतही पहिला मान फिनलंडलाच मिळाला. पुढे 2018 साली दक्षिण कोरियातील प्याँगचांग येथे स्त्रियांची शर्यत 17 फेब्रुवारीच्या सायंकाळी, विजेच्या प्रकाशात घेण्यात आली. चार खेळाडू आणि प्रत्येकीच्या वाट्याला पाच किलोमीटर, असे तिचे स्वरूप होते. दुसऱ्या टप्प्यात नॉर्वेचा संघ बराच मागे पडला. तिसऱ्या टप्प्यात राग्नहिल्ड हागा हिने धीर न सोडता ते अंतर भरून काढले. चौथ्या टप्प्यात नॉर्वेची मारिट ब्यर्गेन आणि स्वीडनची स्टीना निल्सन यांच्यात चुरस लागली आणि अखेर ब्यर्गेन दोन सेकंदांनी पुढे राहिली. ब्यर्गेनचे ते तेरावे ऑलिंपिक पदक होते. सर्वांच्या दृष्टी अर्थातच तिच्यावर खिळल्या. परंतु तिसऱ्या टप्प्यात हागाने ते अंतर भरले नसते, तर अखेरच्या चुरशीला अवसरच मिळाला नसता. वीस किलोमीटरांच्या वाटेवर दोन सेकंद म्हणजे एखादे चुकलेले पाऊल! ते वाचवण्याचे श्रेय कोणा एकीचे नाही, चौघींचे आहे.

दिव्यांच्या रांगा ऑलिंपिकच्या वाटेवर असतात, गावाजवळच्या वाटेवरही असतात. परंतु दूरच्या अरण्यात त्या कोठून असणार? तेथे खेळाडूला आपला दिवा कपाळावर बांधून न्यावा लागतो. स्वीडनमधील सेलेन ते मोरा ही 90 किलोमीटरांची वाट यासाठी प्रसिद्ध आहे. या वाटेची कथा मोठी रोचक आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी गुस्ताव्ह वासा हा तरुण सरदार डेन्मार्कच्या राजाविरुद्ध लोकांना जागृत करीत मोरा गावी आला. प्रथम लोकांनी त्याचे ऐकले नाही. तेव्हा तो निराश होऊन नॉर्वेच्या दिशेने निघाला. मागाहून लोकांचे मत पालटले. त्यांनी गावातील दोन उत्तम स्कीपटू त्याच्यामागे धाडले आणि त्या दोघांनी सेलेनजवळ त्याला गाठून परत आणले, अशी परंपरागत कथा आहे. 1523 साली तोच स्वीडनचा राजा झाला. त्याच्या स्मरणार्थ 1922 साली सेलेन ते मोरा अशी शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी तीत 119 स्पर्धक उतरले होते. तिचे नाव ‘वासालोपेट’. आता याच वाटेवर पाच जणांची रिले शर्यतही होते. तिचे टप्पे 24, 23, 15, 9 आणि 19 किलोमीटरांचे आहेत. रात्री होणारी शर्यत मात्र जोडीने पार पाडावी लागते. कथेतील ते दोघे जसे बरोबर गेले, तसेच येथेही दोघांनी एकमेकांस न सोडता जावयाचे असते.

रात्रीच्या शर्यतीत जोडीचा असा आग्रह का धरावा, हे अंधाराचे आणि थंडीचे स्वरूप जाणल्यावाचून कळणार नाही. कपाळावरचा दिवा पुढची थोडीशी वाट उजळतो. त्यापलीकडे निबिड अंधार असतो. शिवाय दिवा डोळ्यांच्या जवळच असल्याने बर्फावरील उंचवट्यांच्या सावल्या खेळाडूला नीट दिसत नाहीत आणि खाचखळगे सपाट भासतात. हिम पडू लागले, तर प्रकाश कणांवरून परावर्तित होऊन डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा राहतो. म्हणून उतारावर एक साधा नियम पाळावा लागतो : दिव्याच्या उजेडात जेवढी वाट दिसते, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावयाचा. थंडीत विजेच्या घटातील रासायनिक क्रियाही मंदावते आणि दिवा लवकर निस्तेज होतो. यासाठी अनुभवी खेळाडू तो घट अंगरख्याच्या आत, शरीराच्या उबेत ठेवतात.

थंडीचा खरा साथीदार म्हणजे घाम. चालताना शरीर तापते आणि कपडे भिजतात. खेळाडू थांबला, की तेच ओले कपडे शरीराची ऊब वेगाने शोषून घेतात. म्हणून रिले शर्यतीत आपला टप्पा संपवलेल्याने प्रथम कोरडे कपडे घालावेत आणि मग विजयाच्या गोष्टी बोलाव्यात, असा शिरस्ता आहे. वाट पाहणाऱ्याची अडचण निराळीच असते. त्याने निश्चल उभे राहिले तर हातपाय आखडतात. फार हालचाल केली तर घाम येतो. तो जाड कपडे अंगावर ठेवून हळूहळू शरीर गरम करतो आणि आपला साथीदार जवळ आल्यावरच ते उतरवतो.

तीव्र थंडीत नाक, गाल आणि कान यांतील रक्तप्रवाह मंदावतो. तेथे पांढुरका डाग उमटतो आणि संवेदना नाहीशी होते. हिमदंशाचा हा आरंभ होय. ज्याला तो होतो त्याला पुष्कळदा कळतही नाही, कारण तेथे वेदनाच उरत नाही आणि स्वतःचे तोंड स्वतःला दिसत नाही. ते दिसते साथीदाराला! म्हणून जोडीतील खेळाडू थांब्याथांब्यावर एकमेकांचे चेहरे न्याहाळतात. पूर्वी अशा जागी बर्फ चोळीत असत. त्याने इजा वाढते, हे आता सिद्ध झाले आहे. उघड्या उबदार तळहाताने ती जागा झाकून निवाऱ्याकडे जाणे हाच योग्य मार्ग होय. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तापमान शून्याखाली 20 अंशांहून अधिक उतरले, तर शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. साथीदाराच्या गालावर पांढरा डाग दिसला असता पुढे जाण्याचा मोह आवरणे, ही या खेळातील सर्वांत कठीण कसोटी आहे. हातची वेळ जाते, क्रमांक हुकतो; पण साथीदार सुखरूप राहतो.

या शर्यतीत खेळाडूंखेरीज इतरही पुष्कळ लोक जागत असतात. बर्फ दाबून त्यात दोन समांतर चाकोऱ्या पाडणारे यंत्रचालक असतात, वाटेवरील थांब्यांवर गरम ब्लूबेरीचे सार घेऊन उभे असलेले स्वयंसेवक असतात, आणि शेवटचा दिवा दृष्टीस पडेपर्यंत जागा न सोडणारे निरीक्षकही असतात. त्यांची नावे विजेत्यांच्या यादीत येत नाहीत; परंतु त्यांच्यावाचून एकही खेळाडू मोऱ्याला सुखरूप पोचला नसता.

पहाटेच्या सुमारास मोरा गावचे दिवे झाडांतून लुकलुकू लागतात. थकलेल्या जोड्या एकामागून एक येतात. कोणी पहिले येतात, कोणी पुष्कळ मागाहून. परंतु अंतिम रेषा ओलांडताना दोन दिवे बरोबरच असावे लागतात. एकच दिवा पुढे आला, तर तो कितीही वेगाने आलेला असो, शर्यत पूर्ण झाली असे मानीत नाहीत.