सहावा मणी

गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडच्या आठवडी बाजारात माडिया आदिवासी बायकांच्या गळ्यात काचमण्यांच्या एकावर एक माळा दिसतात. मणी ओवणाऱ्या हातांची इथे वाण नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. माझ्या मते तो समजावून सांगायला तक्त्यांपेक्षा एक माळ जास्त कामाची आहे, आणि ती घरी ओवता येते.

रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे असते: दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले एका ओळीत असतात. 3 मिलिमीटरचे 146 मणी ओवले की जवळपास 44 सेंटिमीटर भरतात, म्हणजे नेमकी गळ्यात बसणारी माळ. प्रत्येक आम्लाला एक रंग द्यायचा. प्रथिनांतली आम्ले वीस प्रकारची. पण माणसाच्या बीटा साखळीत आयसोल्युसिन नसतेच, त्यामुळे एकोणीस रंगांत भागते. सुरुवातीच्या गाठीशी एक मोठा मणी बांधा, म्हणजे मोजणी कुठून करायची ते चुकत नाही. मग क्रमाने ओवा: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसिन आणि पुढे.

दुसरी माळ अगदी तशीच, फक्त सहावा मणी वेगळा: ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बाकीचे 145 मणी जिथल्या तिथे. सगळ्या दुखण्याचे मूळ एवढेच. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले. नेमका मणी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1956-57 मध्ये केंब्रिजला शोधला.

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, ते पाण्याशी जमवून घेते. व्हॅलिन पाणी टाळते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते. असे रेणू एकमेकांना चिकटत ताठ दोर तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, हाडे-सांधे ठणकतात. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस.

आता माळ म्हणजे ती साखळी घडवणारे जनुक समजा. आईच्या हातात एक साधी आणि एक बदललेली माळ द्या, वडिलांच्या हातातही तशाच दोन. मुलाला प्रत्येकाकडून एकच मिळते, कुठली ते ठरवता येत नाही. दोन्ही बदललेल्या माळा मिळून मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, आणि ती प्रत्येक गरोदरपणात तेवढीच राहते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. एकच बदललेली माळ असलेला माणूस वाहक. तो सहसा ठणठणीत असतो, उलट जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी हे 1954 मध्ये आफ्रिकेत दाखवले. मलेरियाच्या पट्ट्यात हा दोष टिकून राहिला तो यामुळेच.

माळेत गुंजा मात्र ओवू नका. लाल-काळी गुंज देखणी, पण भोक पाडले की तिचे कवच फुटते आणि आतले ॲब्रिन हे जहाल विष उघडे पडते. ते पेशीतला रायबोसोम निकामी करते. आणि अमिनो आम्ले एकामागून एक ओवण्याचे काम हाच रायबोसोम करतो.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली, तिचे लक्ष्य 2047 चे आहे. पहिली चाचणी बोटातल्या थेंबभर रक्तावर होते. दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी खात्री करतात. वाहक म्हणून मुलीला लग्नासाठी नाकारणे चूकच, कारण मुलांना आजाराचा धोका दोघांच्याही हिमोग्लोबिनमध्ये दोष असेल तेव्हाच असतो. तेव्हा आपली आणि जोडीदाराची तपासणी लग्न ठरण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या, आणि दोघांतही दोष निघाला तर डॉक्टरांशी बोलूनच पुढचे ठरवा.