ट्रंकेतला पैलवान भिंतीवर

कोल्हापूरकडच्या जुन्या पैलवानाच्या घरी ट्रंक उघडली, की आधी हाताला फेटा लागतो. त्याखाली पोस्टकार्डाएवढा फोटो असतो: मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, खांद्यावर गदा, छाती भरलेली. तळाशी कुस्तीमैदानांची हँडबिलं, एखादं मेडल, घडीवर फाटलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. अशाच एका ट्रंकेतला ऐवज नातीनं फ्रेमवाल्याच्या टेबलावर मांडला आहे. दिवाणखान्यासाठी तिला एकच मोठी फ्रेम हवी आहे, आणि तीत आजोबांचं सगळं बसायला हवं. फ्रेमवाला सगळं नुसतं बघून घेतो आणि पहिल्यांदा अर्ध्या वस्तू बाजूला सारतो. फोटो, एक हँडबिल, मेडल आणि फेट्याचा पदर, एवढंच भिंतीवर जाईल.

हँडबिल कुठलं घ्यायचं, यावर मात्र बराच वेळ जातो. गुलाबी कागद, ठसठशीत टाइप, जोडी, इनाम, तिकिटाचे दर, सगळं छापलेलं. वार आणि तारीखही आहे, फक्त सालाचा पत्ता नाही. मैदान चार दिवसांवर आलेलं असताना साल कोण छापणार? मग मजकुरातूनच ते काढावं लागतं. एका पैलवानाच्या नावामागं ‘हिंदकेसरी’ लागलंय. हा किताब पहिल्यांदा १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी मिळवला, म्हणजे कागद त्याआधीचा नाही. तिकिटाचा दर ‘नये पैसे’त आहे, १९६४च्या जूनपासून त्यातलं ‘नये’ गेलं. राहिली मधली पाच-सहा वर्षं. त्यांत ती तारीख त्या वारी कधी आली, ते जुनं कॅलेंडर सांगतं.

हेच हँडबिल भिंतीवर जायला हवं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं कुस्तीचं कांस्यपदक इतिहासात नोंदलं गेलं. पण कोल्हापूरच्या खासबाग मैदानात आणि गावोगावच्या जत्रांत लढलेल्या बहुतेकांची नोंद अशा कागदांपलीकडं फारशी कुठं सापडत नाही. बाजारात मिळणारी चहाच्या रंगात बुडवलेली तयार ‘विंटेज’ पोस्टरं यापुढं अगदीच केविलवाणी दिसतात.

फोटोच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी झाक आलीय. कागदावरच्या थरातली चांदीच हळूहळू पृष्ठभागावर येते, ती पुसून जात नाही. फोटो थेट काचेला टेकवला, तर पावसाळी दमटपणात त्याचा जिलेटिनचा थर मऊ पडून काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहऱ्याचे पापुद्रे निघतात. म्हणून मध्ये खिडकी कापलेला, आम्ल नसलेला जाड माउंट घालायचा आणि फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवायचा. फेव्हिकॉल नाही, सेलोटेप तर नाहीच. कात्रणावरचे तपकिरी पट्टे तिचेच आहेत.

मेडल आणि फेट्यासाठी खोल पेटीची फ्रेम लागते. मेडल घासून लखलखीत करावं, असा घरातल्या काकांचा आग्रह आहे. फ्रेमवाला हात लावू देत नाही, कारण प्रत्येक घासणीला अक्षरांची धार बोथट होते. फेट्याची जर काळवंडली आहे, तीही तशीच राहील. पदर सुती कापडावर बारीक टाक्यांनी बसवला जातो. टाचणी लावली तर गंजाचा डाग ठरलेला.

तरीही भिंतीवर जाणारा फोटो आणि हँडबिल, दोन्ही प्रतीच असतात. मूळ फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की दुप्पट आकारातही छपाई स्वच्छ येते. मूळ कागद उजेडापासून दूर, पेटीत जातात. फ्रेम पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर टांगायची नाही, आणि मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवेला वाट ठेवायची.

स्कॅनमुळं एक घरगुती प्रश्नही सुटला. चार चुलत भावंडांना चार फोटो मिळाले. मेडल एकच असल्यानं ते कुणाच्या फ्रेममध्ये बसणार, यावर चर्चा अजून चालू आहे आणि फ्रेमवाल्यानं पेटीची मागची फळी तूर्त खिळ्यांऐवजी स्क्रूनं बसवली आहे.