यूएसबीवाला प्रोजेक्ट करताय? चिप मागवण्याआधी तिचे पाय बघा

पुण्यात इंजिनिअरिंगचा फायनल इयर प्रोजेक्ट म्हटला की बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीची चक्कर आलीच. घोळ होतो तो चिप निवडताना. फीचर्स बघून भारी मायक्रोकंट्रोलर मागवायचा आणि हातात आल्यावर कळायचं, की हा ब्रेडबोर्डवर बसतच नाही. सबमिशन तोंडावर असेल तर पैसेही गेले आणि आठवडाही. त्यामुळे पैसे देण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं शोधा.

यूएसबी नक्की कशाला हवंय?

फक्त कोड टाकायचा आणि लॅपटॉपवर रीडिंग बघायचं असेल, तर चिपमध्ये यूएसबी नसलं तरी चालतं. आर्डुइनो उनोची मुख्य चिप एटीमेगा३२८पी, तिच्यात यूएसबी नाहीच. ते काम बोर्डवरची दुसरी चिप करते. स्वस्त बोर्डवर ती बहुतेकदा सीएच३४० असते.

पण तुमचं सर्किट लॅपटॉपला कीबोर्ड, माउस किंवा गेमपॅड म्हणून दिसायला हवं असेल, तर आतच यूएसबी असलेली चिप घेणं सोपं पडतं. उदाहरणार्थ एटीमेगा३२यू४, पीआयसी१८एफ४५५० किंवा आरपी२०४०.

सोल्डरिंग कोण करणार?

चिपचं बाहेरचं कव्हर म्हणजे पॅकेज. डिप पॅकेजच्या पायांमध्ये २.५४ मिलिमीटर अंतर असतं, ब्रेडबोर्डच्या भोकांइतकंच. म्हणून ती सरळ बसते. एटीमेगा३२यू४ डिपमध्ये मिळतच नाही. तिच्या टीक्यूएफपी पॅकेजमध्ये हे अंतर ०.८ मिलिमीटर आहे. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स आणि थोडा सराव असेल तर जमतं.

आरपी२०४० मात्र क्यूएफएनमध्ये येते. ७ मिलिमीटरच्या चौकोनाखाली ५६ पॅड, त्यांच्यात अंतर ०.४ मिलिमीटर आणि बाहेर आलेले पाय नाहीतच. शिवाय प्रोग्रॅम साठवायला वेगळी फ्लॅश चिप लावावी लागते. घरी पहिल्यांदाच सोल्डरिंग करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

मग घ्यायचं काय?

एकच प्रोजेक्ट दाखवायचा असेल तर तयार मॉड्यूल घ्या. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोवर हीच आरपी२०४० लावलेली असते, प्रो मायक्रोवर एटीमेगा३२यू४. दोन्ही बोर्डना पिना लावल्या की ते ब्रेडबोर्डवर बसतात. सुटी चिपच हवी असेल तर डिपमध्ये मिळणारी पीआयसी१८एफ४५५० बघा. स्वतःचा पीसीबी करून बरेच नग बनवायचे असतील, तर टीक्यूएफपीकडे वळा.

आणि ऑर्डर करताना पार्ट नंबरची शेवटची अक्षरं नक्की वाचा. पीआयसी१८एफ४५५० पुढे ‘आय/पी’ असेल तर ती ४० पायांची डिप. ‘आय/पीटी’ असेल तर टीक्यूएफपी. चिप तीच, पण त्या एका ‘टी’मुळे ती ब्रेडबोर्डवर बसणार नाही.