नर्मदा परिक्रमेचा खर्च: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दापोऱ्यासारख्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या गावांतून ओंकारेश्वर, जिथून अनेक जण परिक्रमेला निघतात, दीडशे किलोमीटरच्या आत आहे. तरीही नर्मदामैयाची परिक्रमा करायचं मनात असलेला माणूस वर्षानुवर्षं थांबतो. कारण विचारलं तर उत्तर पैशापाशी येतं. पण या खर्चाबद्दलचे समज बरेचसे ऐकीव आहेत.

गैरसमज : परिक्रमेला लाखभर रुपये लागतात.
वस्तुस्थिती : हा आकडा बहुधा गाडीने परिक्रमा करून आलेल्यांकडून ऐकलेला असतो. तिथे गाडीभाडं, मुक्काम, जेवण असं सगळंच विकत घ्यावं लागतं. पायी निघालेला परिक्रमावासी आश्रमात, धर्मशाळेत, मंदिराच्या ओसरीवर आसन लावतो. कुठे तयार भोजन मिळतं, कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा. तो आपला आपण शिजवायचा.

गैरसमज : म्हणजे सगळं फुकटात होतं.
वस्तुस्थिती : फुकट काहीच नसतं, पैसे फक्त दुसरा कुणी मोजतो. शूलपाणीच्या झाडीत चहा-भाकरी देणाऱ्या आदिवासी घरात स्वतःपुरतंही पुरेसं असेलच असं नाही. म्हणून जमेल तिथे दानपेटीत टाकावं, शिधा गरजेपुरताच घ्यावा. स्वतःचा खर्चही असतोच : झिजलेल्या चपला-बूट, औषधं, मोबाइलचं रिचार्ज. नर्मदा ओलांडायची नसल्यामुळे मुखाशी समुद्रातून नावेने मिठी तलाईला उतरावं लागतं, त्या नावेचं भाडं. शेवटी कढई, म्हणजे मैयाला शिऱ्याचा नैवेद्य, आणि कन्याभोजन. झाडीत नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून मोबाइलवरच्या पैशांवर विसंबू नये. थोडी रोकड जवळ ठेवावी, बाकी बँकेत.

गैरसमज : तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस काढावेच लागतात.
वस्तुस्थिती : ती जुनी परंपरा आहे, आणि ती पाळणारे आजही आहेत. पण पावसाळा सरल्यावर निघून पुढच्या पावसाळ्याआधी परतणारे पुष्कळ. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री दिग्विजय सिंह २०१७ च्या सप्टेंबरअखेर निघाले आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये त्यांची पायी परिक्रमा पूर्ण झाली. एका दमातच व्हायला हवी असंही नाही. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ मध्ये निघाले आणि वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी चालले. ज्याला एवढंही जमत नाही, त्याच्यासाठी गुजरातेत तिलकवाड्याजवळची चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा आहे. ती एका दिवसात होते.

गैरसमज : नदीची लांबी दुप्पट केली की चालायचं अंतर कळतं.
वस्तुस्थिती : नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब आहे, म्हणून दोन्ही तटांचे सुमारे २,६०० असा हिशेब सांगतात. पण बरगी, इंदिरा सागर, सरदार सरोवर या धरणांच्या पाण्यात काठच्या वाटा बुडाल्या. इंदिरा सागरापायी २००४ मध्ये हरसूद हे अख्खं गावच गेलं. आता जलाशयांना लांबून वळसे घालावे लागतात. अंतर वाढलं की दिवस वाढतात, आणि दिवसांबरोबर खर्चही.

गैरसमज : वाटखर्चाची सोय झाली की निघता येतं.
वस्तुस्थिती : सगळ्यात मोठा खर्च वाटेवर होतच नाही, तो घरी होतो. कार्तिकी एकादशीनंतरचे सहा महिने म्हणजे केळीला पाणी-खत द्यायचे आणि गहू-हरभरा काढायचे महिने. तुमच्या जागी मजूर लावला तर मजुरी, बाग बटईने दिली तर उत्पन्नातला वाटा जातो. पगारदाराची रजा बिनपगारी होते. कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी मात्र थांबत नाही.

म्हणून हिशेब उलटीकडून मांडावा. आधी घराच्या सहा महिन्यांचा आकडा काढावा, मग वाटेचा. पहिला आकडा जुळत नसेल तर वेगडांसारखं तुकड्यांनी निघावं : एका हंगामात ओंकारेश्वरहून जमेल तेवढा दक्षिण तट, पुढच्या हंगामात तिथूनच पुढे. निघण्याची अट घर चालतं राहणं ही आहे, थैलीत किती रुपये आहेत ही नाही.